जंगल, डोंगर आणि मैदान : कोणती पुस्तकं वाचावीत? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या घरातली निसर्गाची, भटकंतीची आणि खेळांची पुस्तकं मी बरीच वर्षं लोकांना वाचायला देते. गोरेवाडा, अंबाझरी, फुटाळा इथे सकाळी भेटणारी मंडळी, त्यांची मुलं, मग त्यांचे शेजारी, असं करत विचारणारे वाढले आणि प्रश्न मात्र तेच राहिले. म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून ठेवली. एक गोष्ट आधीच सांगते : मी पुस्तक सुचवते तेव्हा त्यासोबत एखादी जागाही सुचवते. घराजवळच्या रानाचं पुस्तक आधी वाचावं आणि ते रान पायांनी पाहून यावं. हिमालय आणि आफ्रिका त्यानंतर.

१. मी निसर्गावरचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. पहिलं कोणतं घेऊ?

मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ घ्या. लेख छोटे आहेत, कुठूनही सुरुवात करता येते, आणि लिहिणाऱ्याने आपली हयात ज्या जंगलांत घालवली ती आपल्या विदर्भातली आहेत. पुष्कळ जण उत्साहाने पक्ष्यांचं जाडजूड गाइड विकत आणतात आणि दहाव्या पानावर थांबतात. गाइड हे शब्दकोशासारखं असतं. शब्दकोश वाचून कुणी भाषेच्या प्रेमात पडत नाही. आधी प्रेम जडू द्या, गाइडकडे नंतर वळा (प्रश्न ६ पाहा).

२. चितमपल्लींची पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचावीत?

‘रानवाटा’नंतर ‘जंगलाचं देणं’ आणि ‘पक्षी जाय दिगंतरा’. मग ‘रातवा’. त्यापुढे ‘नवेगावबांधचे दिवस’, पण ते वाचण्याआधी किंवा वाचता वाचता एकदा नवेगावबांधच्या तळ्याकाठी हिवाळ्यातली एक सकाळ काढा. पाण्यावर उतरलेली बदकं पाहिल्यावर तीच पानं वेगळी लागतात, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

आत्मचरित्र ‘चकवाचांदण’ शेवटी ठेवा. पुष्कळ लोक आधी तेच उचलतात, कारण नाव ऐकलेलं असतं. सोलापूरच्या तेलुगूभाषक घरातला मुलगा वनाधिकारी होतो, नवेगाव, नागझिरा, मेळघाटात वर्षानुवर्षं राहतो, आदिवासींकडून जंगल शिकतो आणि ते संस्कृत ग्रंथांशी ताडून पाहतो, असा तो प्रवास आहे. आधीचे लेख वाचलेले असले की त्यातली माणसं आणि पाखरं ओळखीची होऊन भेटतात. नाहीतर पुस्तकाच्या आकारानेच दमायला होतं.

‘पक्षिकोश’ संदर्भासाठी आहे, हाताशी ठेवायचा. ‘मृगपक्षिशास्त्र’ ही तेराव्या शतकातल्या हंसदेवाच्या संस्कृत ग्रंथाची मराठी ओळख. जुन्या काळी पशुपक्ष्यांकडे कसं पाहिलं जाई याचं कुतूहल असेल तरच ते घ्या.

त्यांनी मराठीला दिलेले शब्द हा वेगळाच ठेवा आहे. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ म्हणावं हे त्यांनीच सुचवलं. नागपुरात त्यांचं बरीच वर्षं वास्तव्य होतं. २००६ मध्ये ते सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. आपल्या शहरातल्या प्रत्येक वाचत्या घरात त्यांचं एक तरी पुस्तक असावं असं मला मनापासून वाटतं.

३. नागझिऱ्यावर दोन पुस्तकं आहेत म्हणे. दोन्ही वाचायला हवीत का?

हवीत, आणि पाठोपाठ. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ आणि किरण पुरंदऱ्यांचं ‘सखा नागझिरा’. माडगूळकर मुळात कथाकार आणि चित्रकार, त्यामुळे ते थोडक्यात लिहितात. एक ओळ आणि जनावर डोळ्यांसमोर उभं. पुरंदरे पक्षिनिरीक्षक. ते नागझिऱ्यात चारशे दिवस राहिले. वर्षभर एकाच जागी राहिल्यावर माणसाला काय काय दिसू लागतं, हे त्यांच्या नोंदींवरून कळतं. एकच रान दोन नजरांनी पाहायची अशी सोय मराठीत फार ठिकाणी मिळत नाही.

माडगूळकरांचंच ‘सत्तांतर’ही याच वेळी वाचा. वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या लढाईची ही छोटी कादंबरी. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रामटेकच्या पायऱ्यांवर वानरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. ‘सत्तांतर’ वाचल्यावर त्यांच्यातला मोठा नर कोण आणि टोळीच्या कडेला बसलेले नर कोण, हे शोधायची सवय लागते. त्यात हिंसा आहे, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलांना देऊ नका.

४. मोगलीचं जंगल म्हणजे आपलं पेंच, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी. किपलिंगचं ‘जंगल बुक’ १८९४ मध्ये आलं, दुसरा भाग १८९५ मध्ये. गोष्टी घडतात त्या सिवनीच्या टेकड्यांत, आणि नदी आहे वैनगंगा. सिवनी नागपूरच्या उत्तरेला, जबलपूरच्या वाटेवर. वैनगंगा तिकडेच उगम पावते आणि पुढे आपल्या भंडाऱ्यातून खाली उतरते. मात्र किपलिंग स्वतः सिवनीला कधी आला नव्हता. स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८७७ मध्ये सिवनी आणि सातपुड्यातल्या छावणी-जीवनावर पुस्तक लिहिलं होतं. किपलिंगच्या वर्णनांचा तो एक आधार मानला जातो.

सिनेमा पाहिला म्हणून पुस्तक सोडू नका. दुसऱ्या भागात दख्खनकडून आलेल्या रानकुत्र्यांच्या, म्हणजे कोळसुंद्यांच्या, झुंडीची गोष्ट आहे. ती वाचून पेंचच्या सिल्लारी दाराने आत जा. कोळसुंदे आजही पेंचमध्ये आहेत आणि नशिबाने दिसले तर त्यांचं एकजुटीने पळणं पाहून गोष्टीतली भीती समजते. लांडगे मात्र दाट जंगलापेक्षा उघड्या माळावर राहणारे, तेव्हा मोगलीचे भाऊ तिथे शोधू नका. नागपूरच्या नळाला पेंचचंच पाणी येतं, हे मुलांना जरूर सांगा. गोष्ट एकदम घरात येते.

५. मध्य भारताच्या जंगलांवर इंग्रजीत काय वाचावं?

दोनच नावं देते. पहिलं कॅप्टन फॉर्सिथचं ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’, १८७१ चं. सातपुडा, पचमढी, गोंड लोक, सालाची आणि सागाची जंगलं, सगळं त्यात आहे, अगदी गोंडांच्या लिंगो देवाची गाथासुद्धा. साहेबी नजर जागोजागी खटकते आणि शिकार तर पानोपानी आहे. तरी दीडशे वर्षांपूर्वी आपला मुलूख कसा होता हे पाहायला यासारखी खिडकी नाही.

दुसरं जॉर्ज शॅलर यांचं ‘द डिअर अँड द टायगर’ (१९६७). १९६३ ते १९६५ या काळात कान्हात राहून त्यांनी हरणं आणि वाघ यांचा अभ्यास केला. वाघ किती खातो, किती वेळा मारतो, कुठल्या हरणाचा कळप कसा वागतो, हे बंदुकीऐवजी वही घेऊन पाहणारा माणूस लिहितो आहे. तक्ते पुष्कळ आहेत. ते ओलांडून वाघाची आणि बाराशिंग्यांची प्रकरणं वाचा. पावसाळ्यात जंगलाचे गाभ्याचे भाग पर्यटकांना बंद असतात, ते महिने या पुस्तकाला उत्तम.

६. पक्षी आणि झाडं ओळखायला कोणतं पुस्तक? मराठी नावं सापडत नाहीत.

पक्ष्यांसाठी सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ (पहिली आवृत्ती १९४१) वर्णनांसाठी अजूनही गोड आहे. चित्रांवरून झटकन ओळखायचं असेल तर ग्रिमेट आणि इन्सकिप यांचं खिशात मावणारं गाइड. सस्तन प्राण्यांसाठी विवेक मेनन यांचं. तिन्ही इंग्रजी आहेत. मराठी नावांसाठी शेजारी ‘पक्षिकोश’ उघडा ठेवा (प्रश्न २) आणि गाइडच्या समासात पेन्सिलीने नावं लिहीत जा : नवरंग, हळद्या, टकाचोर, स्वर्गीय नर्तक. माझ्या प्रतीत अशी दोनशेच्या वर नावं लिहिली आहेत. काही जंगल दाखवणाऱ्या गाइड मंडळींच्या तोंडून ऐकलेली आहेत आणि ती कुठल्याच कोशात नाहीत.

झाडांसाठी प्रदीप कृष्ण यांचं ‘जंगल ट्रीज ऑफ सेंट्रल इंडिया’. हे पुस्तक जणू आपल्यासाठीच लिहिलं आहे. पानांच्या आकारावरून झाडापर्यंत पोचायची त्याची पद्धत आहे आणि ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत ती छान चालते. अडचण येते मार्च-एप्रिलमध्ये. आपली सागाची जंगलं तेव्हा निष्पर्ण असतात. मग सालीकडे बघा. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची साल दिसली तर ऐन. पांढरीफटक, चांदण्यात चमकणारी गुळगुळीत साल दिसली तर कढई, जिला कुल्लूही म्हणतात. कोवळी पानं लालभडक असली तर कुसुम. पळस आणि मोह कुणी सांगावे लागत नाहीत.

नवशिक्यांनी गाइड घेऊन थेट ताडोब्याला जाऊ नये. सेमिनरी हिल्सवर आधी वीस झाडं पक्की करा.

७. सफारीला जाताना बॅगेत कोणतं पुस्तक ठेवू?

जिप्सीत फक्त पक्ष्यांचं गाइड. मुक्कामाच्या ठिकाणी वाचायला एक लेखसंग्रह. दुपारी दोन फेऱ्यांच्या मधले तास लांबलचक असतात आणि मोबाइलला रेंज नसते.

पेंचला रात्र काढणार असाल तर जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ न्या. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखलेल्या जागेचा, दर्जा मिळाला, असा मान मिळवणारं ते देशातलं पहिलं ठिकाण. नागपुरात जे तारे दिव्यांच्या उजेडात बुडतात ते तिथे दिसतात. पुस्तक दिवसा वाचा, रात्री टॉर्च बंद ठेवा.

८. जिम कॉर्बेट तर शिकारी होता. त्याची पुस्तकं आजच्या मुलांना द्यावीत का?

द्यावीत, बारा-तेरा वर्षांनंतर आणि सोबत बोलून. चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसं मारली होती. कॉर्बेटने तिला १९०७ मध्ये मारलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याने तिचा जबडा पाहिला तर उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले होते, जुन्या गोळीने. माणसाने जखमी केलेलं जनावर नेहमीची शिकार करू शकत नाही आणि माणसाकडे वळतं, हे त्याने १९४४ मध्ये ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’मध्ये लिहून ठेवलं. कॉर्बेट खरा वाचायचा तो या ‘का?’साठी. चंद्रपूर जिल्ह्यात आज माणूस आणि वाघ यांच्यात जे चाललं आहे ते पाहताना, वाघाला खलनायक न करता मृत माणसाचं दुःखही न विसरणारा लेखक फार जवळचा वाटतो.

रुद्रप्रयागच्या बिबट्याचं पुस्तक जास्त भीतीदायक आहे, मुलांना ते नंतर द्या. ‘माय इंडिया’त शिकार जवळजवळ नाहीच. त्यात खेड्यातली गरीब माणसं आणि मोकामेघाटचे हमाल आहेत. माझं सर्वांत आवडतं तेच. मराठी अनुवाद मिळतात, निवडताना प्रश्न १८ पाहा.

९. ट्रेकिंगची सगळी मराठी पुस्तकं सह्याद्रीवर. नागपूरकराने ती का वाचावीत?

कारण डोंगर कसा पाहायचा हे ती शिकवतात. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ वाटा, पाणी, मुक्काम यांच्या माहितीने खच्चून भरलेलं आहे. प्र. के. घाणेकरांचं ‘साद सह्याद्रीची, भटकंती किल्ल्यांची’ वाचल्यावर दरवाजा, बुरूज, टाकं यांच्याकडे बघण्याची दृष्टी येते. आणि गो. नी. दांडेकरांचं ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाचलं की पाय घरात ठरत नाहीत.

गोनीदा जन्माने आपले, परतवाड्याचे, हे इथल्या फार थोड्यांना माहीत असतं. १९१६ साली तिथे जन्मलेला हा मुलगा शाळकरी वयात घर सोडून स्वातंत्र्यलढ्यासाठी निघाला आणि पुढे आयुष्यभर चालत राहिला. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना ‘दुर्गभ्रमणगाथा’ पिशवीत ठेवा आणि गाविलगडावर वाचा. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. त्याच्या तटाखाली बसून वाचल्यावर सह्याद्रीतल्या वर्णनांना विदर्भाचा दगड मिळतो. नरनाळा, माणिकगड, बल्लारपूर ही पुढची नावं. फक्त लक्षात ठेवा, गाविलगड आणि नरनाळा जंगलाच्या मुलखात आहेत. सह्याद्रीतल्या पुस्तकात वाचलं म्हणून इथे किल्ल्यावर तंबू ठोकता येत नाही.

१०. नर्मदा परिक्रमेवरचं कोणतं पुस्तक आधी वाचू?

श्रद्धेने जाणार असाल तर जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’. नदी पाहायची असेल तर अमृतलाल वेगड, ते चित्रकार होते आणि नदीचं वळण न् वळण रंगांत पाहतात. साहित्य म्हणून गोनीदांचं ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’. तिन्ही वाचून तीन वेगळ्या नद्या भेटतात.

११. एव्हरेस्टवर इतकी पुस्तकं आहेत. एकच वाचायचं तर?

एक वाचू नका, दोन वाचा. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर वादळात आठ जणांचा मृत्यू झाला. जॉन क्राकौर त्या मोहिमेत होता. त्याचं ‘इनटू थिन एअर’ १९९७ मध्ये आलं आणि जगभर गाजलं. त्यात दुसऱ्या तुकडीचा मार्गदर्शक अनातोली बुकरीव याच्यावर टीका आहे. त्याच वर्षी बुकरीवचं ‘द क्लाइम्ब’ आलं, त्यात त्याची बाजू आहे. तोच डोंगर, तीच रात्र, तरी हकिकती जुळत नाहीत. आठ हजार मीटरवर प्राणवायू इतका विरळ असतो की तिथली आठवणही भरवशाची राहत नाही, हे दोन्ही पुस्तकं मिळून सांगतात.

पुढे वाचायचं असेल तर तेनझिंग यांचं आत्मकथन. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी ते सांगितलं आणि दुसऱ्याने शब्दबद्ध केलं. ‘शिखरावर आधी कोण?’ या प्रश्नाला त्यांनी त्यात सरळ उत्तर दिलं आहे : आधी हिलरी. देशभर वेगळं ऐकायची इच्छा असताना इतकं खरं बोलणारा माणूस मला शिखराहून उंच वाटतो. मोरिस एर्झोग यांचं ‘अन्नपूर्णा’ हे १९५० च्या फ्रेंच मोहिमेचं. आठ हजार मीटरवरचं माणसाने गाठलेलं ते पहिलं शिखर, आणि त्याची किंमत बोटांनी चुकवली.

१२. क्रिकेटवर मराठीत काय चांगलं आहे?

गप्पांची मैफल हवी असेल तर शिरीष कणेकर आणि द्वारकानाथ संझगिरी. खेळाडूच्या तोंडून ऐकायचं तर सुनील गावसकरांचं ‘सनी डेज’ (१९७६) आणि सचिनचं ‘प्लेइंग इट माय वे’ (२०१४), याचा मराठी अनुवाद आहे. सचिनच्या पुस्तकाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे : आकडे आणि सामने भरपूर, मनातलं कमी. चाहत्यांनी वाचावं, खेळ समजून घ्यायला मात्र इतर पुस्तकं बरी.

इंग्रजी चालत असेल तर रामचंद्र गुहांचं ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) चुकवू नका. दलित समाजातून आलेले गोलंदाज पळवणकर बाळू यांची कहाणी त्यात सविस्तर येते. संघात त्यांच्या चेंडूवर सगळे अवलंबून आणि चहाच्या वेळी त्यांचा पेला वेगळा. ते वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडूही त्यात आहेत. त्यांचा जन्म नागपूरचा, १८९५ चा. १९२६ मध्ये इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी काढलेल्या १५३ धावा वाचताना नागपूरकराची छाती फुगणारच. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. त्या प्रवासावर एक जाड, मनापासून लिहिलेलं मराठी पुस्तक कुणीतरी लिहावं, मी पहिली प्रत घेईन.

१३. क्रिकेट सोडून दुसरे खेळ?

अभिनव बिंद्रा यांचं ‘अ शॉट अॅट हिस्टरी’ माझ्या यादीत सर्वांत वर आहे. २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळालं, आणि त्यानंतर आलेलं रितेपण त्यांनी लपवलेलं नाही. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी ते आधी वाचावं. आंद्रे आगासीचं ‘ओपन’ही असंच, खेळाचा तिटकारा असलेल्या महान खेळाडूचं. मेरी कोम, मिल्खा सिंग आणि ध्यानचंद यांची आत्मचरित्रं त्यामानाने सरळ आहेत आणि शाळकरी मुलांना आवडतात.

देशी खेळ आणि व्यायामासाठी बडोद्याहून निघालेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड आहेत. मल्लखांब, कुस्ती, लाठी यांची इतकी बारकाईने केलेली नोंद दुसरीकडे पाहिली नाही. विकत मिळणं कठीण, जुन्या वाचनालयांत शोधा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती, तो काळ समजायला हे खंड उपयोगी पडतात.

१४. दिव्या देशमुखमुळे मुलीला बुद्धिबळाचं वेड लागलंय. कोणतं पुस्तक देऊ?

जुलै २०२५ मध्ये दिव्याने बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, त्यानंतर हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो. मोहऱ्यांच्या चाली येत असतील तर ‘बॉबी फिशर टीचेस चेस’. शब्द कमी, कोडी जास्त, इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं. त्यानंतर अर्विंग चेर्नेव्ह यांचं ‘लॉजिकल चेस’, त्यात डावातली प्रत्येक चाल का केली हे लिहिलेलं आहे. निमझोविचचं ‘माय सिस्टिम’ थोर असलं तरी लवकर देऊ नका. पुस्तक वाचताना पट समोर मांडलेला हवा आणि प्रत्येक चाल हाताने करायला हवी. विश्वनाथन आनंद यांचं ‘माइंड मास्टर’ मात्र तुम्ही वाचा, हरल्यानंतरच्या रात्री कशा काढायच्या ते त्यात आहे.

१५. धावायला सुरुवात केली आहे. काही वाचण्यासारखं?

हारुकी मुराकामी यांचं धावण्यावरचं छोटं पुस्तक. त्यांनी तिशी उलटल्यावर सुरुवात केली, म्हणून उशिरा धावू लागलेल्यांना धीर येतो. परदेशी पुस्तकांतलं वेळापत्रक मात्र नागपूरच्या मे महिन्यात जसंच्या तसं वापरू नका. पारा पंचेचाळीसवर जातो, पहाटे उजाडताच धावून घरी या.

१६. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी?

‘किशोर’ मासिकाचे जुने अंक. १९७१ पासूनचे अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात आणि त्यांत निसर्गावरचे सुंदर लेख, चित्रं आहेत. त्यानंतर ‘जंगल बुक’चा एखादा चांगला संक्षेप (प्रश्न ४). या वयात माहितीची पुस्तकं कमी द्या. कोऱ्या वहीत घराभोवतीचे दहा पक्षी काढायला सांगा, तेच त्यांचं पहिलं निसर्गपुस्तक.

१७. आई आता घराबाहेर पडू शकत नाही. तिला काय वाचून दाखवू?

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. १९५६ चं पुस्तक, मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिलेलं, महिन्याला एक लेख. चैत्राचा लेख चैत्रातच वाचा, पुढच्यासाठी थांबा. मी माझ्या आईला असं एक वर्ष वाचून दाखवलं. ती खिडकीशी बसायची आणि लेख संपला की समोरच्या कडुनिंबाबद्दल बोलायची. श्रावणाच्या लेखानंतर तिने तिच्या माहेरच्या शेतावरची, मी कधीही न ऐकलेली गाणी म्हटली. भाषा काही ठिकाणी घन आहे, सावकाश वाचा. बारा महिने पुरतं.

१८. इंग्रजी जमत नाही. अनुवाद चांगला आहे हे दुकानात उभ्याउभ्या कसं ओळखायचं?

झाडापाखरांची नावं तपासा. मी एकदा जंगलावरचा एक अनुवाद हौसेने घेतला आणि त्यात ‘साल’ या वृक्षाच्या जागी सगळीकडे ‘साग’ छापलेलं. साल कान्हाचा, साग पेंचचा, दोन्ही जंगलांची जात वेगळी. एवढ्या एका शब्दाने पुस्तकातलं सगळं रान खोटं झालं. म्हणून कुठलंही मधलं पान उघडा. हरणाला सरसकट ‘हरीण’ म्हटलंय की चितळ, सांबर, भेकर असा फरक केलाय? बिबट्याचा ‘चित्ता’ झालाय का? शिवाय ‘संक्षिप्त’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं नाही ना, तेही पाहा.

१९. पुस्तकं नागपुरात कुठे मिळतील? सगळी विकत घेणं परवडत नाही.

घेऊच नका सगळी. झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघापासून सुरुवात करा, मग तुमच्या वस्तीतलं वाचनालय. मागणी नोंदवली तर पुस्तक मागवतात, फक्त कुणी मागतच नाही. सीताबर्डीतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत कॉर्बेट आणि खेळाडूंची आत्मचरित्रं हमखास सापडतात. विकत घ्यायची ती गाइडं, कारण त्यांवर लिहायचं असतं.

२०. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ फिरतात. त्या वाचल्या तर चालेल का?

पुस्तकावर अवलंबून आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, पुढच्या जानेवारीपासून मोजून. फॉर्सिथ, स्टर्नडेल, किपलिंग यांची मूळ पुस्तकं कधीच मोकळी झाली. कॉर्बेट १९५५ मध्ये गेला, म्हणजे त्याची इंग्रजी पुस्तकं २०१६ पासून मोकळी. मराठी अनुवादावर मात्र अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, इथेच लोक चुकतात. माडगूळकर, गोनीदा, दुर्गाबाई, चितमपल्ली यांची पुस्तकं अजून हक्कात आहेत. ती फुकट फिरवू नका. निसर्गावरच्या मराठी पुस्तकाची आवृत्ती संपायला आधीच वर्षं लागतात, आणि खप नाही म्हणून पुढची निघत नाही.

२१. जुन्या पुस्तकातली माहिती आज खरी धरायची का?

वर्णन खरं धरा, आकडे आणि नियम तपासा. १९७२ ची वाघांची गणना १८२७ सांगते, ती पंज्यांच्या ठशांवरून केलेली. २०२२ चा अंदाज सरासरी ३६८२, तो कॅमेऱ्यांच्या फोटोंवरून. पद्धतच वेगळी, म्हणून दोन आकडे शेजारी ठेवून सरळ तुलना करता येत नाही. नियमांचंही तसंच. माडगूळकरांच्या पुस्तकातलं नागझिऱ्यातलं मोकळं पायी हिंडणं आज पर्यटकाला शक्य नाही. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. पुस्तक दाखवून गाइडशी वाद घालणारे मी पाहिले आहेत, कृपया तसं करू नका.

२२. पुस्तकातल्या फोटोवरून रानातल्या सात्या (अळिंबी), कंद किंवा साप ओळखले तर चालतील?

पाहण्यापुरते ओळखा. तोंडात घालण्यासाठी किंवा हातात धरण्यासाठी नाही. पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या सात्या आपल्याकडे आवडीने खातात, पण खाण्याजोगी आणि विषारी अळिंबी फोटोत सारखीच दिसू शकते. जी बाई वर्षानुवर्षं त्याच रानातून सात्या आणून बाजारात विकते, तिची नजर कुठल्याही पुस्तकात छापता येत नाही. सापांचंही तेच. मण्यार आणि निरुपद्रवी कवड्या यांचे पट्टे पुस्तकात स्पष्ट वेगळे दिसतात, रात्री अंगणात नाही. लांब उभे राहा, सर्पमित्राला फोन करा, चावला तर थेट मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्या. चारोळी आणि टेंभरं मात्र उन्हाळ्यात रामटेकच्या वाटेवर विकायला बसलेल्यांकडून खुशाल घेऊन खा, आणि ती कुठल्या झाडाची ते विचारून गाइडमध्ये पेन्सिलीने लिहून ठेवा.